साप्पारी की शित्तोरी?

टोकियोला निघायच्या आदल्या रात्री वहिनीची यादी आली. तोंडाला लावायच्या सात जपानी वस्तू, सात फोटो, सगळे कुठल्या ना कुठल्या रीलमधून उचललेले. त्याखाली आईची पुरवणी: "माझ्या वांगावर काही मिळतं का बघ, आणि तुझ्या सासूबाईंच्या टाचांना." पुतण्याने वेगळा मेसेज करून, 'बाबांना सांगू नकोस' असं बजावून, मुरुमांचं मलम मागवलं. नवरा म्हणाला, "फिरायला चालली आहेस की माल भरायला?"

२०२४ च्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. ताई दहा वर्षांपासून टोकियोतल्या निशी-कासाईला राहते. तिथे स्टेशनबाहेर मराठी कानावर पडलं तर दचकायचं नसतं, इतकी आपली माणसं आहेत. पहिल्या रात्री मी कढत पाण्याच्या टबात अर्धा तास डुंबले आणि सकाळी तोंड धुतल्यावर कातडी उन्हात घातलेल्या पापडासारखी ओढली गेली. ठाण्याचा दमटपणा अंगात मुरलेल्या माणसाला तिथला कोरडा वारा बोचतोच.

"लोशन लाव," म्हणत ताईने बेसिनवरची बाटली पुढे सरकवली. तळव्यावर घेतलं तर निव्वळ पाणी. किंचित बुळबुळीत, पण पाणीच. मी सवयीने खसाखसा चोळायला लागले तर तिने हातच धरला. "चोळायचं नाही गं. दाबायचं." दोन्ही तळव्यांवर पसरून तिने माझे गाल हलकेच दाबून धरले, लहानपणी ताप आल्यावर आई धरायची तसे. पाच-सहा सेकंद गाल, मग कपाळ, मग हनुवटी. आणि पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून. तळवे उचलताना ते गालांना किंचित चिकटून सुटले.

आमच्या घरात जपानी वस्तूंबद्दल झालेल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच होतं. जपानी बाटलीवर 'लोशन' लिहिलं असेल तर आत केशोसुई असते. केशो म्हणजे प्रसाधन, सुई म्हणजे पाणी. आपण ज्याला लोशन म्हणतो ते दुधाळ प्रकरण म्हणजे न्यूएकी, आणि ते ह्या पाण्यानंतर लावायचं, आतला ओलावा उडून जाऊ नये म्हणून. मधे हवं असेल तर बियोएकी, म्हणजे आपलं सीरम. मागे कोणीतरी आणून दिलेलं हादालाबो नावाचं लोशन आईने नुसतं लावलं, वर काही नाही, आणि "जपानचं असून कोरडंच पडतं" म्हणून बाटली कपाटात टाकली. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

दोन दिवसांनी आम्ही उएनोला गेलो. तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथे बदलून गिंझा लाइन. बागेतले गिंको पिवळेधमक झाले होते, ते पाहून झाले, फोटो काढून झाले, आणि ताई म्हणाली, "चल आता खऱ्या कामाला." यामानोते लाइनच्या रुळांना बिलगून उएनोपासून ओकाचिमाचीपर्यंत जाणारा आमेयोको बाजार महायुद्धानंतर काळ्या बाजारातून उभा राहिला. आजही तिथे एका बाजूला मासेवाला घसा फोडून ओरडत असतो आणि त्याच्या शेजारी औषधांचं दुकान. दुकान म्हणजे फुटपाथपर्यंत वाहत आलेलं. सनस्क्रीन, चेहऱ्याचे कागदी मास्क, डोळ्यांचे थेंब, हाताने रंगवलेल्या किमतीच्या पाट्या, आणि आत एकच जाहिरातीचं गाणं पुन्हा पुन्हा. आम्ही शिरलो ते पिवळ्या पाटीच्या मात्सुमोतो कियोशीत. जपानी लोक त्याला लाडाने मात्सुकियो म्हणतात. १९३२ मध्ये चिबातल्या मात्सुदोत एका छोट्या औषधाच्या दुकानापासून हा पसारा सुरू झाला. मालकाचं नावच मात्सुमोतो कियोशी.

मी वहिनीची यादी काढली. ताईने फोन हातातून काढून घेतला. "वस्तू सांगू नकोस. माणूस सांग."

मग तिने मला दोन शब्द शिकवले. साप्पारी आणि शित्तोरी. साप्पारी म्हणजे हलकं, मोकळं, मागे चिकटपणा न ठेवणारं. शित्तोरी म्हणजे ओलसर, मऊ, अंगाला धरून राहणारं. एकाच कंपनीचं एकच लोशन ह्या दोन रूपांत शेजारीशेजारी उभं असतं. बाटली तीच, रंग तोच, झाकण तेच. फरक मधल्या छोट्या अक्षरांत. ताई म्हणाली, "शित्तोरीचं पहिलं अक्षर बघ, मासे पकडायच्या गळासारखं. साप्पारीच्या अक्षराला वर आडवी रेघ आहे. गळ दिसला की कोरड्या त्वचेचं, लक्षात ठेव." माझी जपानी भाषा आजही एवढीच आहे.

वहिनी डोंबिवलीची, दुपारपर्यंत कपाळावर तेलाची तकाकी. तिला साप्पारी. तिच्या यादीत एक भरपूर फेसाचा फेसवॉश होता, तोही घेतला, पण सोबत फेस करायची जाळी घेतली. तिकडे साबण थेट तोंडावर फासत नाहीत. जाळीत घोळवून दह्यासारखा घट्ट फेस करायचा आणि चेहऱ्याला हात न लागता नुसता फेस फिरवायचा. मुरुमांनी मागे ठेवलेल्या डागांसाठी मेलानो सीसी, क जीवनसत्त्वाचं सीरम. एवढीशी २० मिलिलिटरची ट्यूब, थेंबाथेंबाने येते. क जीवनसत्त्व हवा-उजेडाने तपकिरी पडतं, तेव्हा जपून वापरू म्हणून दोन वर्षं ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

पुतण्याचं मलम वेगळ्या रांगेत. इथे एक गंमत कळली. जपानात दुकान एकच असलं तरी मालाच्या तीन जाती आहेत: प्रसाधन, औषध, आणि ह्या दोघांच्या मधलं 'इयाकुबुगाइहिन', म्हणजे औषध नसलेलं पण ठरावीक गुणकारी घटक मान्य प्रमाणात असलेलं. मेलानो सीसी ह्या मधल्या जातीतलं. पुतण्यासाठी घेतलेलं पेअर अ‍ॅक्ने क्रीम मात्र सरळ औषध, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्यांतल्या दुसऱ्या वर्गातलं. सुजलेल्या लाल मुरुमांवर थेंबभर लावायचं, चेहराभर क्रीमसारखं नाही. हे मी त्याला तीनदा लिहून पाठवलं. सासूबाईंच्या टाचांना केराटिनामिन, २० टक्के युरियाचं. कडक झालेली कातडी त्याने मऊ होते, पण भेग उघडी असेल, रक्त येत असेल, तर तिथे झोंबेल, म्हणून आधी नुसतं व्हॅसलीन. ह्या दोघांवर फार वेळ गेला नाही.

वेळ गेला तो आईवर.

आईच्या दोन्ही गालांवर वांग आहे, माझ्या जन्मापासूनचं. जपानीत त्याला कानपान म्हणतात, आणि त्यासाठी पोटात घ्यायच्या गोळ्या तिथे चिठ्ठीशिवाय मिळतात. ट्रान्सिनो नावाच्या, ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या. वहिनीच्या एका रीलमध्ये एक बाई मूठभर डबे हलवून दाखवत होती. प्रत्यक्षात रांगेत फक्त रिकामी खोकी होती. हे पहिल्या वर्गातलं औषध, फार्मासिस्टने समजावून सांगितल्याशिवाय विकता येत नाही. पांढऱ्या कोटातली एक मध्यमवयीन बाई आली, छापील कागद पुढे ठेवला आणि पेनचं टोक एकेका ओळीवर ठेवत विचारू लागली. कोणासाठी? वय? रक्ताची गुठळी कधी? इतर औषधं? ताई भाषांतर करत होती आणि चौथ्या ओळीवर थांबली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिथे संध्याकाळचे पाच, पुण्यात दुपारचे दीड. आईला फोन लावला. "ती रक्त पातळ करायची गोळी अजून चालू आहे ना?" "आहे की. का गं?" ताईने सांगितलं तशी त्या बाईने दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून फुली केली, खूप वाकून माफी मागितली आणि खोकं परत नेऊन ठेवलं. हे औषध रक्त गोठलेलं टिकवून धरतं. ज्या माणसाचं रक्त मुद्दाम पातळ ठेवलं आहे त्याने त्याच्या वाटेला जायचं नाही. विक्री गेली म्हणून ती माफी मागत होती की आईच्या गालांबद्दल, कळलं नाही.

आईसाठी मग साधा बेत ठरला. शित्तोरी लोशन, वर क्युरेलचं सिरॅमाइडवालं (सिरॅमाइड त्वचेतला ओलावा धरून ठेवतं) न्यूएकी, आणि वांगासाठी सनस्क्रीन. आई फोनवर कुरकुरली, "एवढ्या लांब जाऊन शेवटी उन्हाचंच क्रीम?" पण वांगाला ऊन लागत राहिलं तर वरून काय लावलं ह्याला फारसा अर्थ उरत नाही.

सनस्क्रीनच्या भिंतीपुढे माझं स्वतःचं गाडं अडलं. पीए आणि पुढची अधिकची चिन्हं, म्हणजे उन्हातल्या यूव्ही-ए किरणांपासून किती संरक्षण मिळतं त्याची मोजणी, ही मूळची जपानचीच, १९९६ पासूनची; चौथं चिन्ह २०१३ मध्ये आलं. तिथली हलकी, पाण्यासारखी सनस्क्रीन लावताक्षणी वाळतात आणि ती बव्हंशी अल्कोहोलच्या जोरावर. नमुन्याच्या बाटलीतलं एक मी गालाला लावलं आणि डोळ्यांत पाणी आलं. माझी त्वचा नाजूक आहे हे मला ठाऊक होतं, पण 'वॉटरी' ह्या शब्दाला मी भुलले. तेव्हापासून मी मागच्या बाजूला 'इथेनॉल', म्हणजे तेच अल्कोहोल, कितव्या क्रमांकावर आहे ते फोनच्या कॅमेऱ्याने बघते. २००१ पासून तिथे प्रसाधनांवर सगळे घटक छापावे लागतात, जास्त प्रमाणातले आधी. माझ्यासारख्यांनी 'बिनकान-हादा', म्हणजे नाजूक त्वचा, आणि 'मुकोर्यो', म्हणजे सुगंधी द्रव्य न घातलेलं, एवढी दोन चित्रं फोनमध्ये साठवून ठेवावीत. मी मिनोन नावाचं सनस्क्रीन घेतलं. कंटाळवाणं आहे, वास नाही, रंग नाही, मजा नाही. पण झोंबत नाही.

आणि ती जांभळट 'टोन-अप', म्हणजे रंग उजळ दाखवणारी, सनस्क्रीन: रीलमध्ये सगळ्यांत गाजलेली हीच. आपल्या गव्हाळ रंगावर ती राखाडी दिसते. ताईने स्वतःच्या एका गालावर लावून दाखवली, अर्धा चेहरा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. तिथे 'बिहाकु', म्हणजे गोरं-सुंदर, हा शब्द अजूनही बऱ्याच डब्यांवर आहे. काओ कंपनीने २०२१ मध्ये तो आपल्या मालावरून काढला. आपल्याकडे फेअर अँड लव्हलीचं नाव बदललं त्याच्या पुढच्या वर्षी. गोरेपणाच्या ह्या शर्यतीची तिथे किंमतही मोजली गेली आहे: २०१३ मध्ये कानेबो कंपनीची, रोडोडेनॉल हा रंग उजळवणारा घटक घातलेली प्रसाधनं हजारो बायकांच्या चेहऱ्यावर पांढरे चट्टे उठल्यामुळे परत मागवावी लागली. मधल्या जातीतल्या मान्यताप्राप्त वस्तूच होत्या त्या. वहिनीला मी टोन-अप आणलं नाही, आणि का आणलं नाही ते तिला अजून पटलेलं नाही.

बिल झालं नऊ हजार येनच्या पुढे. तेव्हा येनचा आकडा जवळजवळ निम्मा केला की रुपये. कर वगळून पाच हजार येनवर खरेदी गेली की पासपोर्ट दाखवून दहा टक्के कर वाचतो, पण माल पारदर्शक पिशवीत सीलबंद होतो आणि देश सोडेपर्यंत ती फोडायची नाही. (हा नियम ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा; १ नोव्हेंबरपासून आधी कर भरायचा, परतावा निघताना.) मला त्याच रात्री हवं असलेलं मिनोन त्या पिशवीत जाताना मी हताशपणे बघत होते. तुम्ही तसं करू नका. लगेच लागणाऱ्या वस्तूचं बिल वेगळं करा.

पुढच्या आठवड्यात ओसाकाहून आम्ही कोबेच्या नादा भागात गेलो, भाऊजींच्या हौसेखातर. किकुमासामुने ही १६५९ पासूनची साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणारी पेढी. तिचं जुनं कौलारू संग्रहालय १९९५ च्या भूकंपात कोसळलं, ते पुन्हा उभारलंय. आत पुरुषभर उंचीची लाकडी पिंपं, आणि लाकडाला शतकभराचा आंबूस वास. त्याच नावाचं साकेचं लोशन औषधांच्या दुकानांत ५०० मिलिलिटरच्या बाटलीत मिळतं, अंगभर फासावं इतक्या स्वस्तात. मी आईला फोनवर विचारलं. "दारू? तोंडाला?" एवढंच म्हणाली. ती बाटली माझ्याकडे राहिली. कोपरांना लावते.

सगळ्या मोठ्या बाटल्या मोज्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत घातल्या. घरी आल्यावर सीलबंद पिशवी जेवणाच्या टेबलावर फोडली आणि ज्याचं त्याला वाटून टाकलं. आईला पुण्याला कुरिअर, वहिनीला हातोहात.

दहा दिवसांनी वहिनीचा फोन. "अगं, तुझं ते जपानी पाणी लावलं की केससुद्धा गालाला चिकटतात." त्याच दिवशी आईचा: "छान आहे हो, पण लगेच उडून जातं." मी वहिनीला म्हटलं, बाटलीच्या मधोमध लहान अक्षरं आहेत त्यांचा फोटो पाठव.

फोटो आला. गळ होता.