बाकीचे वाजवणारे कुठे आहेत?

कार्यक्रम संपला की मी वायरी गुंडाळत बसते. तेवढ्यात कुणीतरी स्टेजपाशी येतं, वाकून स्पीकरच्या मागे डोकावतं आणि विचारतं, "ताई, बाकीचे वाजवणारे कुठे आहेत?" काही जण जरा स्पष्टवक्ते असतात: "ट्रॅक लावला होता ना मागे?" लहान मुलं तर माझ्याकडे बघतही नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पायाशी पडलेल्या खोक्याकडे. "यात कोण गातं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्यात मीच गाते. फक्त ती दहा सेकंदांपूर्वीची मी असते.

त्या खोक्याला लूपर म्हणतात आणि त्याचं काम अगदी थोडक्यात सांगण्यासारखं आहे. पायाने बटण दाबलं की तो जे कानावर पडेल ते टिपायला लागतो. पुन्हा दाबलं की टिपणं थांबतं आणि टिपलेलं पहिल्यापासून वाजू लागतं, फिरून फिरून, थांबवेपर्यंत. त्या फिरत्या तुकड्यावर आणखी एक थर चढवायचा तर पुन्हा दाबायचं. त्याला ओव्हरडब म्हणतात. आत गाणी भरून ठेवलेली नसतात. म्हणजे ठेवता येतात, त्याबद्दल पुढे बोलतेच, पण माझा खोका गाणं सुरू होताना रिकामा असतो.

एक गाणं उलगडून दाखवते. समजा त्याची लय मिनिटाला ९६ ठोक्यांची आहे. चार मात्रांचं एक आवर्तन अडीच सेकंदांचं झालं, अशी चार मिळून दहा सेकंद. एवढाच माझा कागद. आधी गिटारच्या पोटावर तळव्याचा ठोका, तो ढोल. मग बोटांच्या पेरांनी कडेवर टकटक. डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून उजव्याने खरवडल्या की झांजेसारखी चिकचिक येते. दहा सेकंद झाली, पाय दाबला, ठेका फिरायला लागला. दुसऱ्या फेरीत बेस, म्हणजे खालचे जाड सूर. बेस गिटार माझ्याकडे नाही, पण ऑक्टेव्ह पेडल गिटारचा सूर एक सप्तक खाली उतरवतं, त्यावर भागतं. तिसऱ्या फेरीत कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीनचार सूर. चौथ्या फेरीत माइकसमोर नुसतं "ऊऽ", पाचव्या फेरीत त्याच्याच वरचा सूर. हे सगळं झालं की मी गायला सुरुवात करते, तेव्हा मागे चारपाच माणसं उभी असल्यासारखं वाटतं.

यातलं सगळ्यात अवघड काय, असं विचारलंत तर मी गिटार सांगणार नाही, गाणंही सांगणार नाही. पाय सांगेन. नवा माणूस शेवटचा ठोका वाजवून झाला की बटण दाबतो आणि तिथेच फसतो. बटण दाबायचं ते पुढच्या आवर्तनाच्या समेवर, अगदी समेवर. सेकंदाच्या विसाव्या भागाने जरी उशीर झाला तरी तो उशीर त्या तुकड्यात कायमचा शिवला जातो. दर दहा सेकंदांनी गाणं एकदा लंगडतं, तीन मिनिटांत अठरा वेळा. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण डोलणारी मान मध्येच थांबते. ती थांबलेली मान मला स्टेजवरून दिसते. काही लूपर चूक सावरून घेतात, तुम्ही जरा मागेपुढे दाबलंत तरी जवळच्या मात्रेवर आणून बसवतात, पण त्यासाठी लय आधी ठरवून, कानात टकटक ऐकत वाजवावं लागतं. मी कधी ती सोय वापरते, कधी नाही. सुरुवातीला जाड तळव्याचे बूट घालून वाजवायचे, तेव्हा बटण नक्की कधी दबलं तेच कळायचं नाही. आता मोज्यांवर वाजवते. ते का, हेही बरेच जण विचारतात, तर त्याचंही उत्तर हेच.

एकट्याने अनेक होण्याची ही हौस माझ्याहून आणि या खोक्याहून कितीतरी जुनी आहे. सिडनी बेशे या जाझ वादकाने १९४१ साली एकाच गाण्यात सहा वाद्यं एकट्याने वाजवून ध्वनिमुद्रण केलं होतं. एक थर वाजवायचा, तो ऐकत दुसरा. पण ते स्टुडिओतलं काम. लोकांसमोर हे करायचं तर आत्ता वाजवलेलं आत्ताच परत ऐकू आलं पाहिजे. संगीतकार टेरी रायली, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप या मंडळींनी त्यासाठी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोघांतून फिरवली: एक टिपणार, दुसरा काही सेकंदांनी तेच वाजवणार. पुढे ते डिजिटल झालं आणि पायाखाली आलं. १९९९ साली आलेल्या लाइन ६ कंपनीच्या डीएल४ या हिरव्या पेडलमध्ये चौदा सेकंदांचा लूप, म्हणजे फिरता तुकडा, बसायचा आणि तेवढ्यावर कित्येकांनी आपली पूर्ण मैफल उभी केली. २००४ साली गायिका केटी टन्स्टल ब्रिटिश टेलिव्हिजनवर ऐनवेळी दुसऱ्या कलाकाराच्या जागी उभी राहिली, सोबत गिटार, डफली आणि अकाई कंपनीचं हेडरश हे लूप करणारं पेडल. घरोघरच्या गिटारवाल्यांनी लूपर हा शब्द गुगलवर शोधला तो अशाच सादरीकरणांनंतर. आता मिनिटांऐवजी तास मोजावे इतकी जागा या खोक्यांत असते. मला मात्र दहा सेकंद पुरतात. जास्त मिळाली की मी पसरट वाजवते.

आता मूळ प्रश्नाकडे. बाकीचे वाजवणारे कुठे आहेत?

खरं उत्तर असं की त्यातले निम्मे तुमच्या डोक्यात आहेत. मी दुसऱ्यांची गाणी गाते, ऐकून ऐकून तुम्हाला पाठ झालेली. मूळ ध्वनिमुद्रणात पन्नास वादक असतील, मी पाच थर लावते. तरी गाणं उघडं पडत नाही, कारण राहिलेलं तुम्ही भरता. एका गाण्याच्या सुरुवातीला व्हायोलिनचा एक प्रसिद्ध तुकडा आहे. तो गिटारवर वाजवायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला आणि दर वेळी तो केविलवाणा व्हायचा. मग एकदा कंटाळून तो गाळलाच. खालचा ठेका आणि बेस तेवढा फिरवत ठेवला आणि नेमक्या जागी गप्प उभी राहिले. पहिल्या रांगेतल्या दोनतीन जणांनी तो तुकडा तोंडाने गुणगुणला, मागच्यांनी उचलला. तेव्हापासून तो तुकडा मी वाजवत नाही.

लूपरचा गैरसमज इथेच होतो. हातात आला की माणूस थरावर थर चढवत सुटतो, मीही सुटले होते. सात थर, आठ थर, वर शिट्टी. पण हे सगळे थर एकाच गिटारचे आणि एकाच गळ्याचे असतात, ते एकमेकांच्या अंगावर बसतात. कॉर्ड जाड वाजवल्या तर बेस बुडतो, "ऊ" जोरात धरला तर शब्द ऐकू येत नाहीत. आता मी कॉर्डमध्ये वरच्या तीनच तारा छेडते, कारण खालच्या जागेत बेस यायचाय. आणखी एक त्रास असा की स्पीकरमधून येणारा आवाज माइकमध्ये परत शिरतो. आवाजाचा नवा थर टिपताना जुने थरही पुन्हा टिपले जातात आणि तिसऱ्या थरापर्यंत सगळ्याचा चिखल होतो. म्हणून समोरचा मॉनिटर, म्हणजे माझं मला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, बंद आणि कानात इअरफोनची बोंडं. ती घातलेली असतात म्हणून तुमच्या टाळ्यांना मी उशिरा हसते, शिष्ट आहे म्हणून नव्हे.

कुठलं गाणं निवडते, हा पुढचा प्रश्न. आवडतं म्हणून निवडता येत नाही, हे दुःख आहे. माझी अत्यंत लाडकी दोन गाणी या खोक्यावर होतच नाहीत. एकाची लय गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर सैल होते, आवळते. लूपर एक तसूभर सैल होत नाही. दुसऱ्यात शेवटच्या कडव्याला गाणं अर्धा सूर वर चढतं आणि माझे आधीचे सगळे थर खालीच राहतात. सोपी गाणी ती, ज्यात त्याच चार कॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरतात. पण बहुतेक चांगल्या गाण्यांत अंतरा वेगळ्या वाटेने जातो. तिथे मी कॉर्डचा थर बंद करते, ठेका तेवढा चालू ठेवते आणि अंतऱ्याच्या कॉर्ड हाताने वाजवते. वाजवता वाजवता दुसऱ्या ट्रॅकवर, म्हणजे लूपरच्या वेगळ्या कप्प्यात, त्या टिपून घेते, म्हणजे दुसऱ्या अंतऱ्याला हात मोकळे. यासाठी वेगवेगळे ट्रॅक असलेला लूपर लागतो आणि माइक एका वाटेने, गिटार दुसऱ्या वाटेने आत यावी लागते. नाहीतर कॉर्डबरोबर पहिल्या अंतऱ्याचे शब्दही टिपले जातात आणि दुसऱ्या अंतऱ्याखाली पहिला ऐकू येतो. हे माझं झालेलं आहे. दोन्ही अंतरे एकदम. एका श्रोत्याला तो प्रयोग वाटला, मी सुधारलं नाही.

थर चढवायला वेळ लागतो, पाच थरांना पन्नास सेकंद, आणि तेवढा वेळ लोक ऐकत नसतात, बघत असतात. पहिल्या गाण्याला ही गंमत चालते, दुसऱ्यालाही. तिसऱ्या गाण्याला पुन्हा ठोका, बेस, कॉर्ड असं सुरू केलं की खुर्च्या करकरायला लागतात. म्हणून मी काही गाणी सरळ गायला घेते, नुसत्या गिटारवर, आणि ओळींच्या मधल्या फटींत एकेक थर सरकवते. ते जास्त अवघड आहे आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

फजितीचं विचारता, तर सांगते. एका छोट्या सभागृहात बेस आणि कॉर्ड दोन्ही फिरत होते, मी वर हलकं काहीतरी छेडायला घेतलं आणि काहीतरी खुपायला लागलं. आधी वाटलं माझा गळा उतरला. मग वाटलं पेडलची बॅटरी. प्रत्यक्षात दुसरी तार मधल्या मिनिटभरात किंचित सैल झाली होती. एरवी तार उतरली तर दोन ओळींच्या मध्ये खुंटी पिळता येते, पण इथे मुद्दा वेगळाच: खुंटी पिळायची तर ती लूपमधल्या गिटारशी जुळवायची, आणि लूपमध्ये तीच तार मुळात कुठे होती ते पाच थरांच्या गलक्यात ऐकू येईना. मघाची मी सुरात, आत्ताची मी बेसूर, आणि भांडायचं तर तिच्याशी भांडता येत नाही, ती आपलं तेच वाजवत राहते. शेवटी गिटार पाठीवर टाकली आणि उरलेलं गाणं हात हलवत नुसतं गायले. पार पडलं. चांगलं झालं असं म्हणणार नाही. आता प्रत्येक गाण्याआधी ट्यूनर लावते, लोक खोकले तरी.

आणि ट्रॅकबद्दल, म्हणजे आधीच टिपून आणलेल्या साथीबद्दल. ट्रॅक लावून गाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही; मोठमोठे बँडही मागे काही ना काही वाजवतात. मीसुद्धा एकदा घरून थर भरून नेले होते. घसा बसला होता, भीती वाटत होती, म्हणून "ऊ" आदल्या दिवशीच टिपून ठेवला आणि स्टेजवर पाय दाबण्याचं नाटक केलं. कुणालाही कळलं नाही. पण त्या संध्याकाळी खोलीतली माणसं जरा थकलेली, शांत होती आणि ते गाणं मला चार ठोके संथ घ्यायचं होतं. आदल्या दिवशीच्या मला ते कुठून माहीत असणार? तिने ९६ च धरून ठेवली होती. मी तिच्यामागे धावत ते गाणं संपवलं. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी होतं आणि "ट्रॅक होता ना?" असं विचारलं असेल, तर हो, होता. तेव्हा मी नाही म्हटलं होतं.

खोक्यावरच्या दिव्यांबद्दलही विचारतात. लाल म्हणजे टिपतोय, हिरवा म्हणजे वाजवतोय. लाल दिवा असताना खोलीत जे होईल ते माइकमधून गाण्यात जातं आणि दर दहा सेकंदांनी परत येतं. त्यामुळे आवडलं तर टाळ्या वाजवा, पण लाल असेल तोवर निदान ठेक्यात.