फॉइलवरचा अल्युमिना आणि इझारकाठचे परीक्षक

म्युनिकमध्ये इझार नदीच्या परिसरात तीन मोठ्या संस्था चालत जाता येईल इतक्या जवळ आहेत: जर्मन पेटंट कार्यालय, युरोपियन पेटंट कार्यालयाचं मुख्यालय आणि नदीतल्या बेटावरचं डॉयचेस म्युझियम. भारतातून आलेले पाहुणे म्युझियम बघतात, आणि बघायलाच हवं. माझा संबंध मात्र पहिल्या दोन इमारतींशी. मी इथल्या एका पेटंट फर्ममध्ये काम करते आणि माझ्या टेबलावर येतात ते अर्ज बहुतेक एकाच जातीचे: लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर संरक्षक थर चढवणारी यंत्रं.

गावाकडे अनेकांचा समज आहे की मी पेटंट ‘देते’. तसं नाही. युरोपियन कार्यालयात परीक्षक व्हायचं तर सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. सदस्य देश ३९, त्यांत भारत नाही. मी अर्जदाराच्या बाजूने परीक्षकांच्या पत्रांना उत्तरं लिहिते. पण इतकी पत्रं वाचून झाल्यावर मनापासून सांगते, या विषयातलं माझं निम्मं शिक्षण त्या परीक्षकांनीच केलं आहे.

आधी हा थर कशासाठी ते सांगते. २००७ चा ऑगस्ट अनेकांना आठवत असेल. नोकियाने बीएल-५सी बॅटरीबद्दल इशारा दिला होता, जगभरच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल. आपल्याकडे घरोघरी मोबाइलचं मागचं झाकण उघडून बॅटरीवरचा नंबर वाचला जात होता. चार्जिंगच्या वेळी आत शॉर्ट सर्किट होऊन बॅटरी तापू शकते, एवढंच लोकांना कळलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी सोनीने बनवलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या गेल्या, एकट्या डेलने ४१ लाख. तिथे कारण होतं उत्पादनात आत राहिलेले धातूचे बारीक कण.

बॅटरीत कॅथोड आणि ॲनोड या दोन इलेक्ट्रोडांच्यामध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकची एक फिल्म असते, तिला सेपरेटर म्हणतात. बऱ्याचदा ती पॉलिएथिलीनची असते. साधारण १३० अंश सेल्सियसच्या आसपास ती मऊ पडते आणि आक्रसते. कडेने आक्रसली की दोन्ही इलेक्ट्रोड उघडे पडून एकमेकांना टेकतात. तिला धातूच्या कणाने भोक पाडलं तरी तेच. टेकल्या जागी उष्णता वाढते, फिल्म आणखी आक्रसते, आणि पुढचं थांबवणं कठीण होऊन बसतं. म्हणून इलेक्ट्रोडवर किंवा सेपरेटरवर अल्युमिनासारख्या (अल्युमिनियमचा ऑक्साइड) सिरॅमिकचा काही मायक्रॉनचा थर देतात. अल्युमिना २००० अंशांपुढे वितळतो. थराच्या छिद्रांतून लिथियमचे आयन ये-जा करतात, पण फिल्म गेली तरी इलेक्ट्रोड एकमेकांना भिडत नाहीत. मात्सुशिताने, म्हणजे आजच्या पॅनासोनिकने, इलेक्ट्रोडवर असा उष्णतारोधक थर असलेल्या बॅटऱ्यांचं मोठं उत्पादन २००६ च्या अखेरीस जाहीर केलं होतं.

कल्पना सोपी वाटते. यंत्र अवघड आहे. तांब्याची किंवा अल्युमिनियमची फॉइल दहा-पंधरा मायक्रॉनची, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ, आणि ती रोलवरून मिनिटाला पन्नास-पन्नास मीटर पळते. त्या पळत्या फॉइलवर आधीच इलेक्ट्रोडचं कोटिंग आहे. त्यावर अल्युमिनाची स्लरी, म्हणजे पातळ लगदा, चढवायची, तिच्यासाठी खालच्या थराचा बाइंडर (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ) विरघळवणार नाही असा द्रावक निवडायचा, ती वाळवायची, आणि कुठे टाचणीएवढीही जागा उघडी राहू द्यायची नाही. शिवाय अल्युमिना इतका कठीण की स्लरी ज्या फटीतून बाहेर पडते त्या डायच्या ओठांनाच तो झिजवतो. ओठ झिजले की थर एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. या एका झिजेवर किती माणसांनी किती डोकं चालवलंय ते पेटंटांच्या वर्णनांत वाचायला मिळतं. पाठ्यपुस्तकात ते सहसा सापडत नाही.

ही यंत्रं आली कुठून? पातळ फटीतून द्रव सोडून पळत्या पट्ट्यावर थर द्यायचा, या स्लॉट डाय पद्धतीचं मूळ फोटोफिल्मच्या धंद्यात आहे. ईस्टमन कोडॅकच्या अल्बर्ट बेगिन यांचं १९५४ सालचं अमेरिकन पेटंट आजही या विषयात आधार म्हणून दिलं जातं. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा तिच्या गाठीशी कॅसेटची चुंबकीय टेप बनवण्याचा, म्हणजे लांबच लांब पट्ट्यावर एकसारखा थर देण्याचा, मोठा अनुभव होता. अगदी अणूंच्या जाडीचे थर देणारी पद्धत फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांनी १९७४ मध्ये वेगळ्याच कामासाठी, चपट्या डिस्प्लेसाठी, विकसित केली. आज तीच बॅटरीच्या पदार्थांवर नॅनोमीटरचा अल्युमिना चढवायला वापरतात.

परीक्षकाला हा सगळा इतिहास ठाऊक असतो, आणि अर्जदाराची अडचण इथूनच सुरू होते.

पेटंटात नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य म्हणजे क्लेम. युरोपात ‘अमुक कामासाठी यंत्र’ असा क्लेम लिहिला, तर परीक्षक त्याचा अर्थ ‘अमुक कामाला योग्य असं यंत्र’ असा घेतो. यंत्र नेमकं कशासाठी बनवलं होतं हे गौण. कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांतच उदाहरण आहे: ‘वितळलेल्या पोलादासाठी साचा’ म्हटलं की साच्याने तेवढी उष्णता सोसणं ओघानेच आलं, म्हणून बर्फाचा प्लॅस्टिकचा ट्रे त्यात मोडत नाही. पण उलट बाजूने पाहा. कागदावर कोटिंग करणारं तीस वर्षांपूर्वीचं यंत्र, त्याचा डाय, त्याचा रोलर, त्याचा पंप, हे सगळं जसंच्या तसं फॉइलवर अल्युमिनाचा थर देऊ शकत असेल, तर ‘इलेक्ट्रोडवर संरक्षक थर देणारं यंत्र’ हा क्लेम नवा उरत नाही. तुमच्या अर्जात बॅटरी हा शब्द शंभर वेळा असला तरी.

वसईला माझे मामा लॅमिनेशनची यंत्रं बनवतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आमच्या वेफरच्या पाकिटाचं मशीन त्या जर्मन बॅटरीवाल्याला आडवं येणार?” येऊ शकतं, मामा. अगदी कायद्याने येऊ शकतं. युरोपियन पेटंट करारात जुन्या ज्ञानाला देश नाही, भाषा नाही, वयाची अट नाही. छापलेलं, बोललेलं, उघडपणे वापरलेलं, कुठेही लोकांपुढे आलेलं सगळं मोजलं जातं.

एक नमुना घेऊ. हा एका अशिलाचा अर्ज नव्हे, अनेक अर्जांतून मी जुळवलेला आहे. कॅथोडच्या अल्युमिनियम फॉइलचा मधला भाग कोटिंगचा आणि कडेचा उघडा, कारण तिथून जोडणीच्या पट्ट्या निघतात. ही सीमा धोक्याची. उघडं अल्युमिनियम आणि चार्ज झालेला ॲनोड भिडले तर ते शॉर्ट सर्किट सगळ्यांत वाईट. म्हणून त्या सीमेवर अल्युमिनाची अरुंद पट्टी ओढतात. अर्जदाराचं यंत्र म्हणजे एक नोझल, सीमा पाहणारा कॅमेरा, आणि सीमा हलली की नोझल सरकवणारी मोटर.

परीक्षकाच्या पत्रात दोन दाखले, म्हणजे आधीच प्रसिद्ध झालेले कागद, येतात. पहिला जपानी प्रकाशनाचा: तीच पट्टी, तसंच नोझल, कॅमेरा नाही. दुसरा कागदाच्या लाइनचा: कड पाहून नोझल सरकवणारी व्यवस्था. मग तो ठरलेल्या पायऱ्यांनी जातो. सर्वांत जवळचा दाखला कोणता, त्यापेक्षा वेगळं काय, त्या वेगळेपणाने प्रत्यक्षात काय साधलं, त्यावरून खरी तांत्रिक समस्या कोणती, आणि या क्षेत्रातला सामान्य कुशल माणूस त्या उत्तराकडे आपणहून वळला असता का. ‘वळू शकला असता’ एवढं पुरत नाही. ‘वळलाच असता, आणि या कारणाने’ असं दाखवावं लागतं. ही ओझ्याची वाटणी मला फार न्याय्य वाटते. सोय झाली म्हणून परीक्षक दोन कागद एकत्र जोडू शकत नाही आणि नवं वाटतंय म्हणून अर्जदाराला पेटंट मिळत नाही.

या नमुन्यात परीक्षक बरोबर आहे. कड हलली तर नोझल हलवा, हे कागदवाल्याला आधीच ठाऊक होतं. उत्तर लिहायला मी बसते तेव्हा अर्जदाराच्या इंजिनिअरला एकच विचारते: तुमच्याकडे प्रत्यक्षात काय बिघडत होतं? आणि तिथे खरं सोनं निघतं. इलेक्ट्रोड रोलरखाली दाबून घट्ट करतात, त्याला कॅलेंडरिंग म्हणतात. त्यात कोटिंगचा भाग लांबतो, उघडी कड लांबत नाही. दोघांच्या मध्ये फॉइलला चुण्या पडतात. म्हणजे सीमा नुसती डावी-उजवीकडे सरकत नाही, ती वर-खालीही होते आणि नोझलचं अंतर बदलतं. त्यासाठी त्यांनी खालच्या आधार-रोलरचा कडेचा भाग वेगळा करून स्वतंत्र वेगाने फिरता ठेवलेला असतो. कागदाच्या लाइनवर असं असमान लांबणं नाही, त्यामुळे तो दाखला वाचून कोणी रोलर कापायला गेला नसता. आता क्लेम उभा राहतो.

पण एका अटीवर. तो रोलर अर्ज भरला त्या दिवशी अर्जात लिहिलेला हवा. मूळ मजकुरात नसलेलं काहीही नंतर घालता येत नाही, आणि या नियमाबाबत युरोपियन परीक्षक तसूभर हलत नाहीत. चित्रात रोलर दिसतोय, पण ‘स्वतंत्र वेगाने’ कुठेच लिहिलेलं नाही, तर ते गेलं. अशी चांगली कामं हातातून जाताना पाहिली की अक्षरशः झोप लागत नाही. इंजिनिअरने वर्ष-वर्ष खपून शोधलेली गोष्ट, आणि लिहिणाऱ्याला ती किरकोळ वाटली म्हणून सुटलेली. ‘पातळ थर’, ‘योग्य अंतर’, ‘एकसारखा पृष्ठभाग मिळेल असं’ असले शब्दही परीक्षक उचलून बाजूला ठेवतो. पातळ म्हणजे किती? एकसारखा कशामुळे? मायक्रॉन लिहा, मोजायची पद्धत लिहा, यंत्राचा कोणता भाग ते घडवतो ते लिहा.

यंत्राच्या पेटंटात आणखी एक पेच असतो. प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यात दाराआड कोणता रोलर फिरतोय हे तुम्ही कसं ओळखणार? बाजारात दिसते ती बॅटरी. म्हणून अर्जदार यंत्राबरोबर पद्धतीचाही क्लेम मागतात. युरोपात पद्धतीचं पेटंट असेल तर त्या पद्धतीने थेट तयार झालेल्या मालालाही संरक्षण मिळतं. मग परीक्षक विचारतो की यंत्र, पद्धत आणि बॅटरी या तिन्हींमागे कल्पना एकच आहे ना? नसेल तर वेगळे अर्ज करा, वेगळी फी भरा.

आता तिकडे वाचणाऱ्यांसाठी, विशेषतः इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी. बॅटरीचं क्षेत्र धावतंय. युरोपियन पेटंट कार्यालय आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२० च्या अहवालात २००५ ते २०१८ या काळात वीजसाठवणुकीतले शोध दरवर्षी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं आणि पहिल्या दहा अर्जदार कंपन्यांत नऊ आशियातल्या होत्या. सात जपानी, दोन कोरियन. भारतीय एकही नाही. हे मला खुपतं, कारण कोटिंग, लॅमिनेशन, छपाईच्या यंत्रांतली जाण वसईत आहे, भोसरीत आहे, चाकणला आहे.

तर कॉलेजच्या प्रदर्शनात किंवा परिषदेत आपलं काम मांडण्याआधी अर्ज भरा. युरोपात स्वतःचं जाहीर केलेलं कामही तुमच्याच विरुद्ध जातं, सवलत अगदी मोजक्या प्रसंगी. भारतात राहणाऱ्याने परदेशात थेट अर्ज करण्याआधी पेटंट कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे परवानगी घ्यायची असते, किंवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं असतं. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या एस्पसनेट या संकेतस्थळावर जगभरची पेटंटं फुकट वाचता येतात. आणि युरोपियन पेटंट रजिस्टरमध्ये, अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध झाला की, परीक्षकाची पत्रं आणि अर्जदाराची उत्तरं जशीच्या तशी उघडी असतात. कोणतंही कोटिंग यंत्र निवडा आणि त्याची फाइल पहिल्या पानापासून वाचा.

मामांना मी शेवटी आणखी एक वाट सांगितली. कोणत्याही प्रसिद्ध झालेल्या युरोपियन अर्जावर तिऱ्हाईत माणूस कार्यालयाला लिहू शकतो की हे नवं नाही, हा बघा पुरावा. फी नाही, वकील लागत नाही, नाव न देताही चालतं. पत्र मात्र इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंचमध्ये हवं, आणि पुराव्यावरून तारीख सिद्ध व्हायला हवी. जुनी माहितीपत्रकं, बिलं, प्रदर्शनातले तारीख असलेले फोटो, सगळं चालतं. मामा आता वर्कशॉपच्या माळ्यावरची नव्वदच्या दशकातली ड्रॉइंगं आणि माहितीपत्रकं सालवार लावून स्कॅन करून घेत आहेत.