होस्टेलवर गेल्यावर उपासना सुटते का?

बारावीचे निकाल लागले की नगर, श्रीरामपूर, जालन्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून, म्हणजे चर्चमधल्या लोकांकडून, हा प्रश्न येतोच: पोरगं पुण्याला होस्टेलवर चाललंय, त्याची उपासना-प्रार्थना टिकेल का?

टिकते, पण ते पहिल्या तीन-चार रविवारांतच ठरतं. आईवडिलांना धास्ती असते वादविवादाची, कुणी नास्तिक भेटेल याची. खरी गळती होते ती वेळापत्रकामुळे. शनिवारी रात्री दोनपर्यंत जागरण, रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि रात्री मेस बंद. सकाळची उपासना झोपेत जाते. उठून गेलं तरी परतायला उशीर झाला की फीस्ट हुकते आणि पोरं दिवसभर वडापाववर राहतात. असं दोनदा झालं की तिसऱ्या रविवारी कुणी उठत नाही. म्हणून जवळच्या चर्चची सर्वांत लवकरची उपासना धरा आणि मेसवाल्याला शनिवारीच ताट काढून ठेवायला सांगा. रविवारी बस कमी असतात, हेही हिशेबात घ्या.

निघण्याआधी आपल्या चर्चच्या पाळकांकडून पत्र घ्या. त्यात नाव, मंडळी, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तारीख एवढं पुरे. नव्या ठिकाणी प्रभुभोजनाच्या वेळी प्रश्न येत नाही. शिवाय पत्र दिलं की तिथले पाळक नावानं ओळखतात आणि रविवारी रात्री जेवायला बोलावणारं एखादं घरही मिळतं. मराठी उपासना हवी असेल तर गुरुवार पेठेतलं होली नेम कॅथीड्रल, म्हणजे आपलं पंच हौद, आहेच. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाची आपली प्रत सोबत न्या.

वसईकडच्या कॅथॉलिक मुलांना एक सोय आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. शनिवारी संध्याकाळचा मिस्सा, म्हणजे कॅथॉलिक उपासना, रविवारच्या कर्तव्यात धरला जातो. रविवारी जादा प्रॅक्टिकल लागलं तर तोच धरावा. उपवासाचंही तसंच. राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एकवेळ जेवण्याचा नियम १८ पूर्ण झालेल्यांना लागू होतो, मांस वर्ज्य मात्र १४ पासून. सतरा वर्षांच्या मुलानं उपाशीपोटी लॅबमध्ये चक्कर येऊन पडायची गरज नाही. बाकी लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) मांसाहार सोडणं होस्टेलवर फारच सोपं, कारण मेसमध्ये तो बहुधा नसतोच! सोडायचंच तर रात्रीचं रील्स पाहणं सोडा.

रोजच्या प्रार्थनेचं गणित सकाळच्या पाण्यावर बसतं. तिघांच्या खोलीत बाथरूमची रांग लागण्याआधीची पंधरा मिनिटं तेवढी आपली. खोलीत कुणी झोपलेलं असेल तर दिवा लावू नका, अभ्यासिकेत किंवा गच्चीवर जा. फोनवर वचन वाचायला बसलं की वरून मेसेज टपकतात आणि वाचन तिथंच संपतं. त्यापेक्षा बायबलचा दुसरा भाग, म्हणजे नवा करार, छोट्या पुस्तकात न्या. त्यात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर वर्षात पुरा होतो आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात.

आता खोलीतली माणसं. आडनाव गायकवाड किंवा साळवे असलं की आपण ख्रिस्ती आहोत हे रूममेटला कळतच नाही. मग गणपतीत आरतीचं ताट हातात येतं आणि पोरगं गडबडतं. पहिल्याच आठवड्यात सहज सांगून टाका: 'आम्ही ख्रिस्ती. आरतीला उभा राहणार नाही, पण मांडव घालायला येतो.' मांडवासाठी खुर्च्या वाहणारा पोरगा कुणालाही परका वाटत नाही. प्रसादाबाबत मंडळ्यांमध्ये एकमत नाही. नव्या करारात पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात हाच प्रश्न, मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं का, घेतलाय. तो घरी असतानाच वाचून, आईवडिलांशी बोलून ठरवा. नाही घ्यायचा तर हात जोडून 'नको' म्हणा, भाषण नको. (पंच हौदातच १८९० साली लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांपुढे मिशनचा चहा आला आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं. खाण्यापिण्याची ही भानगड दोन्हीकडची आहे.) 'धर्म बदलायला किती पैसे मिळाले?' असं कुणी विचारलं तर चिडू नका. 'पणजोबांपासून ख्रिस्ती आहोत, फी घरूनच येते' एवढ्यावर विषय मिटतो.

विद्यार्थी गट जरूर पाहा. १९५४ पासूनची यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) किंवा कॅथॉलिकांची एआयसीयूएफ (ऑल इंडिया कॅथॉलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) अशा गटांत सीनियर भेटतात, जुन्या नोट्सही मिळतात. पण आठवड्याच्या पाचही संध्याकाळी मागणाऱ्या, आपल्या चर्चला जाऊ नको म्हणणाऱ्या किंवा घरून आलेल्या खर्चीवर दशमांश मागणाऱ्या गटापासून चार हात लांब राहा. तसं झालं तर घरच्या पाळकांना फोन करा.

नाताळची तयारी डिसेंबर लागताच करा. सेमिस्टरचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय एसटीचं तिकीट काढू नका. सुट्टी बहुधा २५ तारखेचीच मिळते. २४ च्या रात्रीच्या उपासनेसाठी होस्टेलच्या रेक्टरकडे आठ दिवस आधी लेखी अर्ज द्या. त्यात चर्चचं नाव, परतीची वेळ आणि लोकल गार्डियनचा नंबर लिहा, आणि आईवडिलांचा फोन त्याच दिवशी जाऊ द्या. ऐनवेळी वॉचमनशी हुज्जत घालून गेट उघडत नाही. परवानगी नाहीच मिळाली तर गार्डियनकडे मुक्काम करा किंवा २५ च्या सकाळची उपासना गाठा. आणि घरून फराळ येणार असेल तर करंज्यांचा डबा मोठाच मागवा, आख्खा मजला येतो.