हेन्री नकाशा: वर्तुळ जमलं आणि लगेच बादही झालं

सतराव्या शतकातले धर्मोपदेशक फिलिप हेन्री यांच्या नकाशावर वर्दनबरी या त्यांच्या जुन्या पॅरिशभोवतीचा (चर्चच्या हद्दीभोवतीचा) बफर, म्हणजे ठरावीक अंतराचं वर्तुळ, आता खरोखर पाच मैलांचा येतो. १६६५ च्या पाच मैल कायद्याने अशा पदच्युत उपदेशकांना जुन्या पॅरिशपासून पाच मैलांच्या आत राहायला बंदी होती. आधी तो जेमतेम तीन मैल भरत होता आणि हेन्रींचं ब्रॉड ओक हे घर आरामात बाहेर पडत होतं. दोष वेब मर्केटर या वेबनकाशांच्या प्रोजेक्शनचा. त्यात (कोड ईपीएसजी ३८५७) ८,०४६.७२ मीटर दिले, तरी ५३ अंश अक्षांशावर जमिनीवर ते सुमारे ४,८५० मीटरच होतात. लेयर ईपीएसजी २७७०० (ब्रिटिश नॅशनल ग्रिड) मध्ये नव्याने सेव्ह करून मगच बफर काढा. नुसतं प्रोजेक्टचं प्रोजेक्शन बदलून भागत नाही.

खरी गोम पुढे आहे. वर्दनबरी ते ब्रॉड ओक हे अंतर तेव्हा लोकांच्या तोंडी चार मैल होतं. रस्ता मोजल्यावर पाच मैल ६० यार्ड भरलं. म्हणजे हेन्री कायद्याच्या हद्दीबाहेर, पण फक्त ५५ मीटरनी! सरळ रेषेत मोजलं तर एवढं अंतर दोन वळणांतच खर्ची पडतं आणि घर आत येतं. तेव्हा वर्तुळ बाद, रस्त्यावरून सर्व्हिस एरिया (रस्त्याने पाच मैलांत येणारा भाग) काढायचा. पण कुठल्या रस्त्यावरून? ओपनस्ट्रीटमॅपचे आजचे रस्ते इथे घेऊच नका. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीचे सहा इंची ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट आहेत आणि देखणेही, पण त्यांतले सगळ्यांत जुनेही एकोणिसाव्या शतकातले. मधल्या काळात एखादं वळण सरळ झालं असेल, तरी ५५ मीटर गेलेच. त्यामुळे पाच मैलांची खूण टिंबाने दाखवणं खोटं ठरेल. रस्त्याचा दोनेकशे मीटरचा तुकडाच रंगवायचा.

कालरेषेतही हाच कायदा अडतो. मंजुरी ऑक्टोबर १६६५, ऑक्सफर्डला; अंमल २४ मार्च १६६५ नंतर. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून हा मार्च आपल्या १६६६ चा. मूळ तारीख मजकूर म्हणून एका रकान्यात आणि बदललेलं वर्ष दुसऱ्यात ठेवा. एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखांना तारीख मानतच नाही. लिबरऑफिसचं कॅल्क बरं, पण ते ग्रेगोरियन धरतं आणि इंग्लंड तेव्हा ज्युलियनवर होतं. चाचणीला २४ ऑगस्ट १६६२ टाका: गुरुवार आला, तर १० दिवस मिळवा, रविवार येईल. तो बार्थोलोम्यू दिन, म्हणजे प्रस्थापित चर्चचे नियम न मानणाऱ्या उपदेशकांची पदं गेली तो दिवस; हेन्रींचा एकतिसावा वाढदिवसही. वर्दनबरीची जागा मात्र १६६१ मध्येच गेली होती, हे त्या लेयरच्या नोंदीत वेगळं लिहा.

हे लिहिताना लक्षात आलं की कायदा फक्त जुन्या पॅरिशपुरता नाही. शहरं आणि पार्लमेंटला सदस्य पाठवणारे बरोही त्यात येतात. म्हणजे ओगिल्बीचे सतराव्या शतकातले पट्ट्यांच्या रूपातले रस्तेनकाशे तूर्त बाजूला. आधी चेस्टर, श्रूसबरी आणि फ्लिंट. तिथे पाच मैल कुठून मोजायचे, बाजारचौकातून की वेशीपासून?