मकासारचा उलटा प्रवाह

आमचं ऑफिस वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. काम मात्र समुद्राचं. खोल पाण्यात नांगरलेली यंत्रं प्रवाह मोजतात, त्या नोंदी आम्ही तपासून, साफ करून परत पाठवतो. यंत्र खालून वर आवाज सोडतं आणि पाण्यातल्या कणांवरून परतलेल्या प्रतिध्वनीतून थराथराचा वेग काढतं. पृष्ठभागाजवळचे थर प्रतिध्वनीच्या गोंधळामुळे कायम टाकून द्यावे लागतात.

त्या दिवशी मकासारच्या सामुद्रधुनीची फाइल होती. बोर्निओ आणि सुलावेसीमधली ही वाट. पॅसिफिकमधून हिंदी महासागरात येणाऱ्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा इथून जातो. २००४ ते २००६ च्या मोजणीत तो सरासरी सेकंदाला सुमारे १ कोटी १६ लाख घनमीटर निघाला. दिशा दक्षिणेची. आणि आमच्या फाइलमध्ये मे महिन्यात पाणी उत्तरेला चाललेलं.

नव्याने आलेला मुलगा म्हणाला, "ताई, यंत्रातला कंपास फिरलाय. उडवू का?" त्याची चूक नाही. सरासरीच्या उलट दिशा फार दिवस टिकली की तेवढा डेटा बाद, हा नियम ऑफिसनेच प्रोग्राममध्ये घालून ठेवलाय. सरही म्हणाले, "उडवून टाका, शुक्रवारी द्यायचंय."

मी थर वेगळे काढले. २०० मीटरच्या खाली पाणी उत्तरेला, वरचे थर दक्षिणेलाच. कंपास सगळ्या थरांना एकच असतो. तो बिघडला तर सगळेच फिरतील, अर्धे नाही. मग भरती-ओहोटीचा भाग काढून पाहिला. त्याचा अक्ष, म्हणजे ते पाणी ज्या रेषेत मागेपुढे होतं ती रेषा, आधीच्या महिन्यांत होता तिथेच, अंशाचाही फरक नाही. यंत्र ठणठणीत होतं.

मोसमी वारे बदलताना, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, विषुववृत्तावर हिंदी महासागरात पश्चिमेचे वारे जोर धरतात. त्यातून उठलेली केल्विन लाट, म्हणजे विषुववृत्ताला आणि मग किनाऱ्याला धरून जाणारी समुद्रातली लांबच लांब लाट, सुमात्रा-जावाच्या किनाऱ्याने सरकत बाली आणि लोंबोक बेटांमधल्या सामुद्रधुनीतून आत शिरते आणि मकासारमध्ये खोलवरचा प्रवाह अडवते, कधी उलटवते. उपग्रहाच्या नोंदींत जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राची पातळी त्याआधी चढलेली सापडली, तेव्हा शंका उरली नाही.

सर हुशार आहेत, पण त्यांना आलेख गुळगुळीत लागतो. या सामुद्रधुनीत गुळगुळीत काही नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत वारा जावा समुद्राचं गोडसर पाणी तिच्या दक्षिण तोंडाशी लोटतो, मग वरचा प्रवाह मंदावतो आणि सर्वांत जास्त वेग शंभरेक मीटर खाली मिळतो. एल निनोच्या वर्षी एकूण पाणी घटतं, ला निनाच्या वर्षी वाढतं. उलटे आठवडे कापले की वर्षाची बेरीज फुगते, आणि एका वर्षाची दुसऱ्याशी तुलनाच खोटी पडते. ज्या बदलासाठी एवढी महागडी यंत्रं समुद्रात सोडली, नेमका तोच आपण कचरा म्हणून फेकायचा?

बराच वाद झाला. शेवटी मेचा डेटा शेऱ्यासह तसाच गेला. नियम मात्र प्रोग्राममध्ये आजही आहे, आणि माझ्याआधीची कितीतरी वर्षं त्याच्याखालून गेली आहेत. मी जुन्या कच्च्या फायली मागितल्या आहेत. काही मिळाल्या, त्यांतल्या पहिल्याच फाइलमध्ये नोव्हेंबरचा एक लांब तुकडा बाद केलेला आहे. बाकीच्या ठेवल्यात की पुसल्या, कुणी सांगत नाही.