लेकीच्या चालण्याची तपासणी : ३१ की ३९?

“सही झालेला रिपोर्ट बदलत नाही.” पाच आठवड्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की अजूनही आठवलं तरी डोकं तापतं.

आमची लेक साडेसहा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), त्यातला स्पॅस्टिक डायप्लेजिया. म्हणजे हातांपेक्षा दोन्ही पाय जास्त ताठ. घरात ती कशाचाही आधार न घेता चालते, चवड्यांवर, गुडघे थोडे वाकवून. कठडा धरून एक मजला चढते. शाळेच्या मैदानावर मात्र वॉकर लागतो. यंदा पोटऱ्या जास्तच ताठ व्हायला लागल्या. बोटॉक्स (ताठ स्नायू सैल करणारं इंजेक्शन) द्यायचं, प्लास्टर घालायचं की ऑपरेशनचा विचार करायचा, हे ठरवण्याआधी चालण्याची आणि तोलाची रीतसर तपासणी करून आणा, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. खुब्याचा एक्स-रे दोन दिवसांत झाला.

तपासणी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात होती. वेळ साडेनऊची. सिंहगड रस्त्यावरची गर्दी नको म्हणून धायरीहून आठलाच रिक्षा केली. सव्वानऊला केसपेपर काढला, टोकन घेतलं आणि बाकावर बसलो, ते दुपारी पावणेदोनपर्यंत. मधे तीनदा विचारलं. “येईल ताई नंबर, बसा.” कधी नाव पुकारतील याचा नेम नाही, म्हणून तिला खायला खाली नेलं नाही. ही माझी चूक, आजही लागते. बिस्किटं संपली. स्प्लिंटचा, म्हणजे पायात घालायच्या आधाराचा, पट्टा घोट्याला काचायला लागला. एक वाजता ती माझ्या मांडीवर झोपली, आणि पाऊण तासाने तिला गदागदा हलवून उठवावं लागलं.

अर्धवट झोपेतून उठलेलं, भुकेलं मूल. पाय काठीसारखे ताठ. तिला कॉरिडॉरमध्ये उभं केलं, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. ती म्हणाली, “आई, माझे पाय अजून झोपलेत.” मी तेच तपासणाऱ्या फिजिओंना सांगितलं. “होतं असं मुलांचं,” म्हणून त्यांनी स्टॉपवॉच सुरू केलं.

मुलांच्या तोलाच्या या चाचणीत १४ गोष्टी करायला लावतात. खुर्चीतून उठणं, पावलं जुळवून ३० सेकंद उभं राहणं, डोळे मिटून १० सेकंद, एका पायावर, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून, गोल फिरणं, जमिनीवरचा डस्टर उचलणं, पाटावर आळीपाळीने पाय ठेवणं. प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. लेकीला प्रत्येक गोष्ट एकदाच करायला दिली. डस्टर उचलताना तिने माझं बोट धरलं, एका पायावर तर उभीच राहिली नाही. वीस मिनिटांत आटोपलं. गुण ३१. चालण्याची पातळी (आकडा जितका मोठा, तितकी मदत जास्त लागते) लिहिली तीन, म्हणजे घरातसुद्धा वॉकर किंवा काठी घेऊनच चालणारं मूल. घरी, शाळेत, रस्त्यावर कशी चालते, हे मला कोणी विचारलंच नाही.

रात्री नवरा म्हणाला, कमी गुण मिळाले तर मिळाले, उपचार तर होणारच ना? मलाही क्षणभर पटलं. मग लक्षात आलं, सहा महिन्यांनी पुन्हा मोजतील ते याच ३१ शी ताडून. तेव्हा ती नुसती पोटभर जेवून आली तरी गुण वाढलेले दिसतील आणि सगळे म्हणतील, इंजेक्शनने गुण आला. उलट खरंच काही बिघडत असेल, तर ते या खोट्या वाढीखाली झाकलं जाईल. तिच्या पायांबद्दलचा पुढचा प्रत्येक निर्णय त्या एका दुपारच्या भुकेवर उभा राहणार होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी फेरतपासणी मागितली. “सही झाली ताई, आता बदलत नाही.” बदलू नका, नवी करा, म्हटलं. त्यासाठी ज्यांनी पाठवलं त्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी. त्यांची ओपीडी फक्त मंगळवारी. पहिल्या मंगळवारी ते रजेवर. दुसऱ्या मंगळवारी चिठ्ठी मिळाली, पण तिच्यावर शिक्का नव्हता. तिसऱ्या मंगळवारी शिक्का घेऊन गेले, तर विभागप्रमुखांची सही लागेल म्हणाले, आणि त्या परिषदेला बाहेरगावी. ऑफिसातल्या माझ्या चार अर्ध्या सुट्ट्या यात गेल्या. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता, पण फेरतपासणी का हवी हे त्या कागदांवर लिहायला कुठेही जागा नव्हती. शेवटी मी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या: वेळ साडेनऊची, तपासणी पावणेदोनला, मूल उपाशी आणि झोपेतून उठवलेलं, प्रत्येक गोष्टीला एकच प्रयत्न. तो कागद दोन मोबाइल व्हिडिओंसह विभागप्रमुखांना दाखवला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि तारीख दिली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

त्या व्हिडिओंबद्दल. घरी काढाल तर मुलाला हाफ पँट घाला, गुडघे दिसले पाहिजेत. एक समोरून, एक बाजूने. फोन मुलाच्या कमरेच्या उंचीवर आणि स्थिर धरा. वरून काढलेल्यात टाच टेकते की नाही ते कळत नाही. एकदा अनवाणी, एकदा स्प्लिंट घालून.

दुसऱ्या वेळी सकाळी सव्वानऊला तिला आत घेतलं. पोहे खाऊन आली होती. यावेळच्या फिजिओ ताई तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या, आधी पाच मिनिटं नुसत्या गप्पा. मग माझ्याकडे वळल्या: घरात ५ मीटर, शाळेत ५० मीटर, बाजारात ५०० मीटर जायचं तर काय धरते? पातळी ठरवताना मूल रोज प्रत्यक्षात काय करतं ते बघायचं असतं, एखाद्या दिवशी काय जमलं ते नाही, हे त्यांनीच समजावलं. तोलाच्या चाचणीचं मात्र वेगळं: तिथे आधी करून बघू देतात, पुन्हा प्रयत्न देता येतात आणि सर्वांत चांगला धरतात. हे मला आधी माहीत असतं, तर त्या कॉरिडॉरमध्ये मी गप्प बसले नसते. तुम्ही नक्की विचारा, “अजून एकदा करू देता का?”

डस्टर तिने एकटीने उचलला. एका पायावर तीन सेकंद उभी राहिली आणि खोलीभर नजर फिरवून सगळ्यांनी पाहिलं ना याची खात्री केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुण ३९, पातळी दोन, म्हणजे घरात आधाराशिवाय चालणारं मूल. पुढे खुर्चीतून उठून ३ मीटरवरच्या पट्टीपर्यंत जाऊन परत बसायचं, त्याची वेळ घेतली. हालचालींच्या आणखी एका चाचणीतले उभं राहण्याचा आणि चालण्याचा असे दोन भाग तपासले, तेही अनवाणी आणि तीन-तीन प्रयत्नांनी.

रांगेत बऱ्याच आया विचारत होत्या, म्हणून सांगते: हा रिपोर्ट म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. आणि डबा घेऊन जा, बिस्किटांवर राहू नका. नंबर गेला तर गेला, पण मुलाला जेवू घाला. रोजचेच स्प्लिंट आणि बूट न्या. त्या दिवशी नवे घातले तर पाऊल वेगळं पडतं.

ऑपरेशन तूर्त नाही. बोटॉक्स आणि त्यानंतर प्लास्टर असं ठरलं आहे. निघताना मी ताईंना एकच विनंती केली, आणि त्यांनी रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहून दिलं: सकाळी ९.२०, नाश्ता झालेला, आधी अनवाणी, नंतर स्प्लिंटसह.