नागीण कोणाकडून लागते?

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याच्या डाव्या बरगडीखाली दोन दिवस नुसतीच आग होत राहिली आणि तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत पाणीदार फोडांचा पट्टा उमटला. शेजारच्या काकूंनी पाहताक्षणी 'नागीण' असे निदान केले, गेरूचा लेप सुचवला आणि तिचे तोंड व शेपूट जुळले तर माणूस दगावतो, हेही ऐकवले. निदान तेवढे अचूक होते. आत्याला मात्र एकच प्रश्न पडला होता: महिनाभर घराबाहेर न पडता हे लागले कोणाकडून?

कोणाकडूनही नाही. लहानपणी तिला कांजिण्या झाल्या होत्या आणि नागीण हा त्याच विषाणूचा दुसरा अवतार आहे. खपल्या पडल्या की कांजिण्या गेल्या असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात व्हॅरिसेला-झोस्टर विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दशकानुदशके निपचित पडून राहतो आणि वयामुळे, आजारामुळे किंवा एखाद्या औषधामुळे प्रतिकारशक्ती ओसरली की त्या गाठीतून निघणाऱ्या मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. एका मज्जातंतूचा प्रदेश शरीराच्या मध्यरेषेपाशी संपत असल्यामुळे पट्टाही सहसा तिथेच थांबतो, म्हणजे तोंड-शेपटीची भेट बहुधा होतच नाही.

ही उकल प्रयोगशाळेतल्या कामाइतकीच एका साध्या दवाखान्यातल्या नोंदींचीही आहे, याचे मला विशेष वाटते. इंग्लंडमधील सायरनसेस्टर येथील डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी १६ वर्षांतील स्वतःच्या रुग्णांचा अभ्यास करून १९६५ मध्ये असे मांडले की, नागीण म्हणजे जुन्याच विषाणूचे पुन्हा जागे होणे होय.

फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिरसारखे विषाणूरोधक औषध सुरू झाले तर ते अधिक उपयोगी पडते. आमचा त्यातला एक दिवस गेरूत गेला. फोड महिन्याभरात सुकले, परंतु त्या जागची ठणक दिवाळीपर्यंत पुरली. उतारवयात ती अशी रेंगाळते.

राहिला प्रश्न घरातल्यांचा. आत्याकडून कोणाला नागीण लागणार नव्हती, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि त्यांची लसही मिळालेली नाही, त्याला त्या फोडांतील पाण्यातून कांजिण्या होऊ शकत होत्या. तिची नात तेव्हा आठ महिन्यांची होती. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत आत्याने तिला मांडीवर घेतले नाही, आणि ठणकेपेक्षा त्याचीच तक्रार तिने अधिक केली.